मोटारीच्या रंगाला कवच हवे काय?

गेल्या उन्हाळ्यात एका लग्नाच्या जेवणानंतर आमचे एक ज्येष्ठ स्नेही आम्हाला मांडवाच्या कडेला घेऊन बसले. खानापूर तालुक्यातील एका शाळेतून ते नुकतेच निवृत्त झालेले. ग्रॅच्युइटीचे पैसे हाती आल्यावर आयुष्यातली पहिली मोटार घ्यावी असे त्यांच्या मनाने घेतले होते. गाडी पसंत झाली, रंग ठरला, आणि मग शोरूममधून हिशेबाचा जो कागद आला त्यात विमा, नोंदणी, पायपोस ह्यांच्या रांगेत आणखी एक ओळ निघाली : सिरॅमिक कोटिंग, पाच वर्षांची हमी, रुपये ३२,०००. कागद आमच्यापुढे धरून त्यांनी विचारले, "सर, तुम्ही विज्ञान शिकवता. हे नेमके असते तरी काय? न केल्यास गाडी गंजते म्हणतात, ते खरे का?"

हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही. आपल्यापैकी पुष्कळांच्या दारात अलीकडे मोटार आली आहे, आणि बहुतेकांच्या हातात असाच कागद पडलेला आहे. बत्तीस हजार ही रक्कम कागदावरच्या आठ लाखांशेजारी लहान दिसते. घरी येऊन मुलाच्या फीशेजारी मांडली की तिचा खरा आकार कळतो. आम्ही स्वतः २०१९ साली असा खर्च करून बसलो होतो, म्हणून पुस्तकातले उत्तर देऊन मोकळे होणे आम्हाला जमण्यासारखे नव्हते.

मुळात मोटारीचा रंग हा एक थर नव्हे, चार थर असतात. कारखान्यात पोलादी पत्र्याचा सांगाडा प्रथम धुऊन त्यावर फॉस्फेटची प्रक्रिया करतात. नंतर तो सबंध सांगाडा रंगाच्या हौदात बुडवून विजेचा प्रवाह सोडतात. विजेच्या ओढीने तो रंग सांदीकोपऱ्यांतही जाऊन बसतो. हातातल्या ब्रशाला किंवा फवाऱ्याला ते साधत नाही. हा झाला तळाचा थर. त्यावर पृष्ठभाग सारखा करणारा प्रायमर, त्यावर आपल्याला दिसतो तो रंग, आणि सर्वांत वर एक पारदर्शक थर, ज्याला क्लिअर कोट म्हणतात. हे सर्व भट्टीत भाजून पक्के केलेले असते. इतके थर मिळून जाडी भरते साधारण १०० ते १२० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम दहावा भाग. वहीचे एकदोन कागद एकावर एक ठेवावेत तेवढी. पैकी क्लिअर कोट असतो चाळीस-पन्नास मायक्रॉनांचा, आणि उन्हातील अतिनील किरण शोषून घेणारी द्रव्ये त्यातच मिसळलेली असतात.

एवढे समजले की गंजाच्या प्रश्नाचे उत्तर निम्मे मिळते. गंजापासून गाडी वाचवितो तो तळाचा थर. वरून काहीही फासले तरी त्या थराच्या कामात भर पडत नाही. शिवाय गंज धरतो तो बॉनेटच्या चकचकीत मध्यभागी नव्हे. दरवाजाच्या खालच्या शिवणीत, चाकावरच्या कमानीच्या आत, जिथे चिखल साचून ओल राहते तिथे तो धरतो. गोव्याच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या आमच्या नातेवाइकांच्या गाड्या आमच्या गाड्यांआधी गंजतात, कारण खारी हवा त्या ओलीला मीठ पुरविते आणि मिठाने गंजाची क्रिया जलद होते. पण सिरॅमिक कोटिंग करणारा कारागीर त्या शिवणीत हात घालीत नाही. तो बाहेरचा दर्शनी भाग पुसतो. तेव्हा "न केल्यास गाडी गंजेल" हे वाक्य विक्रेत्याच्या तोंडचे आहे, रसायनशास्त्राचे नव्हे.

मग ही कोटिंगे करतात काय? जुन्यात जुना उपाय मेणाचा. ब्राझीलमधील कार्नोबा नावाच्या ताडाच्या पानांवरचे कठीण मेण ह्यासाठी वापरतात. ते दोनतीन महिने टिकते, आपल्या पावसात त्याहून कमी. त्यानंतर आले टेफ्लॉनच्या नावाने विकले जाणारे लेप. टेफ्लॉन हा पदार्थ १९३८ साली अमेरिकेत अपघातानेच हाती लागला, आणि तव्यावर तो उत्तम बसतो हे खरे. पण तव्यावर बसविताना तो सव्वातीनशे अंशांहून अधिक तापवून वितळवावा लागतो. तेवढ्या उष्णतेत मोटारीचा रंगच जळून जाईल. तेव्हा गाडीवर जे चोळतात त्याचा तव्याच्या टिकाऊपणाशी संबंध नावापुरता.

सिरॅमिक कोटिंग त्या मानाने अधिक प्रामाणिक वस्तू आहे. सिलिकॉनयुक्त द्रव गाडीवर पुसला की हवेतल्या ओलाव्याशी त्याची क्रिया होऊन काचेसारखा पातळ थर तयार होतो व तो क्लिअर कोटला घट्ट चिकटतो. पाणी त्यावर पसरत नाही, थेंब होऊन घरंगळते. चिखल सहज निघतो आणि गाडी धुण्याचे श्रम कमी होतात. चमक येते, पक्ष्यांच्या विष्ठेतील आम्लाला किंवा झाडाच्या चिकाला काही काळ अटकाव होतो. हे सर्व खरे आहे, आणि ते नाकारणे अन्याय होईल. परंतु त्या थराची जाडी असते एक-दोन मायक्रॉन, कित्येकदा त्याहूनही कमी. चोर्ल्याच्या घाटात पुढच्या ट्रकच्या चाकाखालून उडालेल्या खड्याला एक-दोन मायक्रॉनांनी काय अडवावे!

येथे '९ एच' ह्या अक्षरांविषयी दोन शब्द लिहिणे आम्हास जरूर वाटते, कारण फसगत पुष्कळदा येथेच होते. जाहिरातीत लिहितात, कठीणपणा ९ एच. शाळेत ज्यांनी मोह्‌स साहेबांची कठीणतेची श्रेणी पाठ केली आहे, त्यांना वाटते की हिरा दहा, तर हे नऊ, म्हणजे माणकाच्या तोडीचे. तसे मुळीच नाही. हा नऊ पेन्सिलीचा आहे. चित्रकलेच्या तासाला एचबी, २ बी, ४ एच अशा पेन्सिली असतात, त्याच मालिकेतील सर्वांत कडक ती ९ एच. ती ठरावीक कोनात धरून लेपावर दाबून सरकवितात. ओरखडा उठला नाही तर लेप ९ एचचा ठरतो. आता पेन्सिलीचे शिसे म्हणजे ग्राफाइट आणि चिकणमाती. रस्त्यावरच्या धुळीत असतात वाळूचे कण, म्हणजे क्वार्ट्‌झ, ज्याचा मोह्‌सच्या श्रेणीत क्रमांक सातवा. पेन्सिलीला जो लेप दाद देत नाही तो वाळूलाही देणार नाही, असे कोणी समजू नये. धुळीने भरलेल्या गाडीवर कोरडे फडके फिरविले की ओरखडे उठणारच. लेप असो वा नसो. आम्ही ही पेन्सिल नववीच्या वर्गात नेऊन दाखविली, तेव्हा एका मुलीने विचारले, "सर, मग ते 'पेन्सिलीचा नऊ' असे का लिहीत नाहीत?" ह्याचे उत्तर आमच्या पाठ्यपुस्तकात नव्हते.

आता आमची स्वतःची हकीकत. २०१९ साली गाडी घेतली तेव्हा आम्हीही तीन वर्षांच्या हमीचे कोटिंग करून घेतले, चोवीस हजार मोजून. पहिला पावसाळा मजेत गेला. बॉनेटवर थेंब मोत्यासारखे घरंगळत, आणि मुले ते पाहायला खिडकीत उभी राहत. दुसऱ्या उन्हाळ्यात चिंचेच्या झाडाखाली गाडी उभी असताना टपावर पक्ष्याने घाण केली, आम्ही दोन दिवस परगावी होतो, परत येऊन पाहतो तो तिथे खोल डाग. ऊन्हात तापून रंग किंचित फुगतो, निवताना आकसतो, आणि वर वाळलेल्या घाणीचा ठसा घेऊन बसतो. हमीचा कागद घेऊन गेलो. तिथल्या बाईंनी शांतपणे मागची बाजू उलटून दाखविली. पक्ष्यांची विष्ठा, झाडाचा चीक, क्षारयुक्त पाण्याचे डाग, दगडांचे टवके, ओरखडे ही सर्व वगळलेली होती. शिवाय वर्षातून एकदा पैसे भरून तपासणी करून घेण्याची अट होती. २०२० साली टाळेबंदीत ती आमची चुकली होती, म्हणजे हमीच संपुष्टात आलेली. वाचता येत असून आम्ही तो कागद वाचला नव्हता, हा दोष आमचाच. पण इतके सर्व वगळल्यावर हमी कशाची उरली, हे मात्र आम्हास आजपर्यंत उमगलेले नाही.

त्याच वर्षअखेरीस एका रिक्षाने आमचा मागचा डावा दरवाजा चेपला. तो ठोकून, रंगवून घेतला. त्यावर कोटिंग पुन्हा केले नाही. दर तीन महिन्यांनी घरी मेण मात्र लावीत गेलो. नकळत एक प्रयोगच मांडला गेला : तीन दरवाजे कोटिंगचे, एक मेणाचा. २०२३ साली ओळखीच्या पेंटरला गाडीजवळ उभे केले आणि म्हटले, "यातला बिनकोटिंगचा दरवाजा ओळखा पाहू." त्यांनी तो ओळखला, पण चमकेवरून नव्हे, उन्हात तिरपे पाहून, रंगाच्या फवाऱ्याचा बारीक दाणा दिसला त्यावरून. चमकेत फरक त्यांनाही सांगता आला नाही. पाणी ओतून पाहिले, तर मेणाच्या दरवाजावर थेंब अधिक चांगले उठले. हा दरवाजा वर्ष-दीड वर्षाने नवा होता हे लक्षात घ्यावयास हवे, आणि एका गाडीवरून सिद्धान्त बांधता येत नाही हे आम्ही मुलांना रोज सांगतो. तरीही चोवीस हजारांचे तीन दरवाजे आणि सातशे रुपयांच्या डब्याचा एक दरवाजा शेजारी शेजारी पाहून आम्ही काही वेळ गप्पच झालो.

पेंटरनी त्या दिवशी आणखी एक गोष्ट सांगितली, ती फारशी कोणी सांगत नाही. कोटिंगनंतर गाडी आरशासारखी दिसते, त्यातले बरेच श्रेय कोटिंगचे नसून त्याआधी यंत्राने केलेल्या पॉलिशचे असते. पॉलिश म्हणजे क्लिअर कोट किंचित खरवडून सपाट करणे. काम घाईत उरकले तर आधीचे ओरखडे लेपाखाली तसेच राहतात. पुन्हा पुन्हा केले तर मुळातच पातळ असलेला तो थर आणखी झिजतो. त्यांच्या शब्दांत, "सर, वरचं टिकवायला खालचं घासायचं, असं चाललंय."

खड्यांपासून खरे संरक्षण देणारी वस्तू वेगळी. पॉलियुरेथेनची पारदर्शक फिल्म दीडशे ते दोनशे मायक्रॉन जाड असते, म्हणजे सबंध रंगाहूनही जाड. ती खड्याचा मार स्वतः झेलते, आणि चांगल्या प्रतीच्या फिल्मवरचे बारीक ओरखडे उन्हाच्या उष्णतेने भरूनही येतात. हेलिकॉप्टरांच्या पात्यांना वाळूपासून वाचविण्यासाठी सैन्यात अशी फिल्म वापरीत, तिथून ती मोटारींकडे आली. मात्र सबंध गाडीला ती लावण्याचा खर्च लाखाच्या घरात जातो. आठ लाखांच्या गाडीवर लाखाचे पांघरूण घालणे आम्हाला तरी पटत नाही. जो नोकरीसाठी आठवड्यातून चार वेळा घाट उतरून पणजीला जातो त्याने पुढचा बंपर, बॉनेटची कड आणि आरसे एवढ्यांनाच ती लावून घ्यावी, हे समजण्यासारखे आहे. टवके पडतात ते तिथेच.

सिरॅमिकही कोणी कधी करू नये असे आमचे म्हणणे नाही. गाडी काळी किंवा गडद आहे, उघड्यावर उभी असते, मालक स्वतः हौसेने धुतो, आणि बत्तीस हजार गेल्याची खंत वाटू नये अशी त्याची स्थिती आहे, तर धुण्याची सोय व दिसण्याचे समाधान ह्यासाठी त्याने खुशाल करावे. शोरूममध्ये न करता हेच काम करणाऱ्या चांगल्या कारागिराकडे करावे, कारण डिलिव्हरीच्या घाईत ते नीट होत नाही. पांढऱ्या गाडीवर मात्र ओरखडे मुळातच दिसत नाहीत. आणि कोटिंगमुळे विकताना जादा किंमत येईल ही आशा व्यर्थ. जुनी गाडी घेणारा किलोमीटर पाहतो, कागद पाहतो, अपघात झाला होता का ते विचारतो.

बाकी रोजचे सांगावयाचे ते थोडके आहे. आधी नुसत्या पाण्याने धूळ वाहून जाऊ द्यावी, मग गाडीसाठीच्या शॅम्पूत भिजवलेले मऊ कापड फिरवावे. भांड्यांची पावडर आणि जुन्या बनियनचे कोरडे फडके ह्यांनी जितके रंग खराब झाले तितके उन्हाने झाले नसतील. बोअरचे पाणी असेल तर गाडी उन्हात वाळू न देता लगेच टिपून घ्यावी, नाहीतर क्षारांची वर्तुळे उठतात. कोटिंग केलेल्या गाडीवर तर ती अधिकच स्पष्ट दिसतात, कारण थेंब जागच्या जागी वाळतो. पक्ष्याची घाण दिसताच ओल्या कापडाने भिजवून काढावी. पावसाळ्यानंतर दरवाजांच्या खालच्या कडेची पाणी जाण्याची छिद्रे काडीने मोकळी करावीत. गंजाविरुद्ध एवढी काडी बत्तीस हजारांहून अधिक काम करते.

आमचे निवृत्त स्नेही दुसऱ्याच दिवशी शोरूमला गेले. हे पॅकेज आहे, काढता येणार नाही, असे आधी सांगण्यात आले. नंतर, कोटिंग नसल्यास कंपनीची हमी अडचणीत येईल, असे. त्यांनी कंपनीच्या हमीचे पुस्तक मागवून घेतले, शिक्षकच ते, तिथेच बसून पानन् पान वाचले, आणि असे कोठे लिहिले आहे ते बोट ठेवून दाखवा म्हणाले. थोड्या वेळाने ती ओळ खोडलेला नवा कागद आला. पुढच्या बंपरला मात्र त्यांनी फिल्म लावून घेतली आहे, कारण लेक फोंड्याला दिली आहे आणि महिन्यातून दोनदा तरी घाट उतरणे आलेच.