लाकडी जहाजबांधणी, कोकणातील
कोकण किनाऱ्यावर सागवानापासून सागरगामी गलबते बांधण्याचा व्यवसाय सतराव्या-अठराव्या शतकांत भरभराटीस आला आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ओसरला. जंगलातील लाकूड आणण्यास सोयीच्या खाड्या आणि भरतीच्या पाण्याने नवे गलबत तरंगविण्यास योग्य असे उतरते काठ ही त्याची नैसर्गिक अनुकूलता होय.

छ. शिवाजी महाराजांनी 1657 मध्ये कल्याण व भिवंडी घेतल्यानंतर कल्याणच्या खाडीत आरमारी जहाजे बांधण्यास प्रारंभ झाला. या कामी आरंभी पोर्तुगीज कारागिरांचेही साहाय्य घेण्यात आले. पुढे आंग्रे यांच्या काळात गुराब व गलबत हे दोन प्रकार विशेष प्रसिद्धीस आले. गुराब दोन किंवा तीन डोलकाठ्यांची असून तिची नाळ पुढे निमुळती होत जाई. गलबत त्याहून हलके व वल्ह्यांनीही चालणारे असे. दोहोंचेही बूड उथळ असल्याने खोल बुडाची यूरोपीय जहाजे जेथे येऊ शकत नसत, अशा खाड्यांत ती सहज शिरत.

पेशवे व इंग्रज यांच्या संयुक्त मोहिमेत 1756 मध्ये विजयदुर्ग येथे तुळाजी आंग्रे यांचे आरमार जळाले. मराठ्यांच्या आरमारी सामर्थ्याचा ऱ्हास येथून मानतात व ते योग्यच आहे. तथापि जहाजबांधणी त्यामुळे थांबली नाही. पेशव्यांच्या आरमाराचे विजयदुर्ग हेच ठाणे झाले व आनंदराव धुळप यांनी त्याचे नेतृत्व केले. जवळच गिर्ये येथे शंभर मीटरांहून अधिक लांबीच्या गोदीचे अवशेष आहेत.

मुंबईत मात्र या कलेस वेगळे वळण लागले. सुरतेचे लवजी नसरवानजी वाडिया 1736 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत मुंबईस आले. 1750 मध्ये तेथे सुकी गोदी तयार झाली. त्यांच्या वंशजांपैकी जमशेटजी बमनजी यांनी बांधलेली ‘मिंडेन’ (1810) ही 74 तोफांची युद्धनौका. ‘कॉर्नवॉलिस’ (1813) या नौकेवर 1842 मध्ये नानकिंगचा तह झाला. ओकच्या लाकडातील टॅनिनमुळे लोखंडी खिळे गंजतात. सागातील तेलामुळे ते टिकतात व लाकडासही कीड सहसा लागत नाही. 1817 मध्ये मुंबईत बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही नौका इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे आजही तरंगती आहे.

ब्रिटिश आरमाराच्या जहाजांचे आराखडे इंग्लंडहून येत. किनाऱ्यावरील सुतार मात्र आराखड्याविना, नजरेच्या व हाताच्या मापाने काम करीत. प्रथम तळाचा मुख्य वासा मांडून त्यावर नाळ व वरामा उभारीत, फळ्या जोडून सांध्यांत कापूस व राळ भरीत आणि लाकडास माशांचे तेल लावीत. हे ज्ञान पित्याकडून पुत्राकडे गेल्याने त्याची लेखी नोंद फारशी झाली नाही, ही मोठीच हानी होय.

व्यवसायाच्या ऱ्हासाचे कारण लाकडाचा वा कसबाचा दोष हे नव्हे. मुंबईत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ (1829) ही सागवानी आगबोट 1830 मध्ये सुएझला पोहोचली; म्हणजे वाफेशी जुळवून घेण्याचे सामर्थ्य येथील कारागिरांत होते. परंतु ब्रिटिश संसदेने 1823 च्या कायद्याने हिंदी खलाशांना ब्रिटिश नाविक मानण्याचे नाकारल्याने हिंदी जहाजांच्या इंग्लंडशी चालणाऱ्या व्यापारास अडथळा आला. पुढे लोखंडी सांगाड्याची जहाजे स्वस्त व मोठी बांधता येऊ लागली. लोखंड गाळण्याचे व यंत्रे घडविण्याचे मोठे कारखाने या किनाऱ्यावर नव्हते. सुएझ कालवा (1869) वाहतुकीस खुला झाल्यावर शिडाच्या जहाजांचे दूरच्या मार्गांवरील महत्त्वही घटले.

मोठ्या नौकांची बांधणी अशा रीतीने बंद पडली, तरी लहान गलबतांची टिकून राहिली. मालवण, वेंगुर्ले, रत्नागिरी इ. बंदरांतून कौले, मीठ, इमारती लाकूड यांची ने-आण फत्तेमारी, मचवा व पडाव यांतून विसाव्या शतकातही होत असे. किनाऱ्यावरील आगबोटी व नंतर मोटार-वाहतूक यांनी ही मालवाहतूकही हिरावून घेतली. स्वातंत्र्योत्तर काळात मासेमारी नौकांना एंजिने बसविण्यात आल्याने सुतारांना पुन्हा काम मिळाले. त्यांचीही जागा आता बऱ्याच ठिकाणी काचतंतूच्या नौका घेत आहेत.