चिचेवा : एक भाषा, चार देश

1977 साली अमेरिकेने सोडलेल्या व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे. तिच्यावर पृथ्वीवरच्या 55 भाषांतले अभिवादन ध्वनिमुद्रित केले आहे. त्यात मराठी आहे, हे आपण अभिमानाने सांगतो. त्याच तबकडीवर आफ्रिकेतल्या मोजक्या भाषांपैकी एक असलेली न्यांजाही आहे आणि परग्रहावर कुणी असेल तर त्याची ती विचारपूस करते. या भाषेचे दुसरे, आज अधिक प्रचलित नाव चिचेवा. आफ्रिकेच्या आग्नेय भागात मलावी, झांबिया, मोझांबिक आणि झिंबाब्वे अशा चार देशांत ती बोलली जाते. कोणत्याही एका राज्यकर्त्याने ती चार देशांत नेली नाही. राजघराण्यांच्या फाटाफुटीने, स्थलांतराने, मजुरीने आणि बाजाराने ती पसरली. तिचा इतिहास मुळातून पाहण्यासारखा आहे तो त्यामुळेच.

मारावींचा मुलूख

चिचेवा ही बांटू कुळातली भाषा. स्वाहिली, झुलू, शोना या तिच्या दूरच्या-जवळच्या बहिणी. मौखिक परंपरा सांगते, की फिरी कुळाचे सरदार आजच्या काँगोतील लुबा प्रदेशातून मलावी सरोवराच्या नैर्ऋत्य काठावर आले. बांदा कूळ या भूमीत त्यांच्या आधीपासून होते आणि पावसाचे विधी त्याच्याच हाती होते. मलावीची आजची राजधानी लिलाँग्वे हिच्या नैर्ऋत्येला म्सिंजा येथे 'माकेवाना' ही पर्जन्यदेवतेची पुजारीण राही आणि राजालाही तिचा मान ठेवावा लागे.

फिरींच्या राजाचा किताब 'कालोंगा'. त्याच्या सत्तेखालच्या लोकांना पोर्तुगीज 'मारावी' म्हणत आणि 'मलावी' हे देशाचे आजचे नाव त्यावरूनच आले. पुढे घराण्यात फूट पडली. उंडी हा सरदार पश्चिमेकडे, आजच्या मोझांबिक-झांबियाच्या बाजूला गेला. लुंडू दक्षिणेला शिरे नदीच्या खोऱ्यात स्थिरावला. माणसे पांगली, तशी भाषाही पांगली. पठारावर राहिलेल्यांची ती चेवा, सरोवराकाठच्यांची न्यांजा आणि शिरेच्या खोऱ्यातल्यांची मांगांजा. नावे तीन, बोलीभेदही आहेत. पण एकाचे बोलणे दुसऱ्याला सहज कळते.

या इतिहासात गोव्याचाही धागा आहे. 1752 पर्यंत पोर्तुगिजांचे मोझांबिक गोव्याच्या व्हाइसरॉयच्या अखत्यारीत होते. झांबेझीकाठच्या टेटे, सेना या ठाण्यांत गोव्याचे व्यापारी, शिपाई, पाद्री वस्तीला असत आणि सोने-हस्तिदंतासाठी मारावींच्या मुलखात शिरत. मूळ गोव्याच्या अशाच एका घराण्यातला मानुएल काएतानू परेरा 1796 मध्ये टेटेहून मारावी प्रदेश ओलांडून थेट काझेंबे या राजाच्या राजधानीपर्यंत पोहोचला. 1831-32 मध्ये आंतोनियु गामितो हा पोर्तुगीज अधिकारी त्याच दिशेने गेला. 'चेवा' हे नाव प्रथम लेखी आढळते ते त्याच्या प्रवासवर्णनात.

एका गुलामाने सांगितलेला शब्दकोश

या भाषेची पहिली मोठी नोंद तिच्या मुलखात झाली नाही. एकोणिसाव्या शतकात सरोवराच्या परिसरातून हजारो माणसे पकडून हिंदी महासागराच्या किनाऱ्यावर विकली जात होती. त्यांतला एक सालिमिनी. हे नाव त्याला किनाऱ्यावरच्या स्वाहिली लोकांत मिळाले. मोंबासाजवळ राहणारे जर्मन मिशनरी योहानेस रेबमान यांनी 1853-54 मध्ये त्याच्याकडून शब्द, वाक्ये, अर्थच्छटा विचारून घेतल्या आणि शब्दकोश रचला. सालिमिनीला पकडून आणल्याला तेव्हा सुमारे दहा वर्षे झाली होती. तरीही आपली पठारावरची बोली आणि दक्षिणेकडच्या मारावींची बोली यांत एकाच झाडाची नावे कशी वेगळी आहेत, हेही त्याने सांगितले. हा कोश 1877 मध्ये छापला गेला. मुखपृष्ठावर नाव रेबमान यांचे आहे, पण ज्ञान सालिमिनीचे. गाव, माणसे, स्वातंत्र्य असे सारे हिरावले गेलेल्या माणसाने आपली भाषा बारकाव्यांसह जपून पुढच्या पिढ्यांच्या हाती दिली. चिचेवाच्या इतिहासात त्याचे नाव सर्वांत आधी घेतले पाहिजे.

पुढची कामे मिशनऱ्यांच्या ठाण्यांवर झाली. 1880 मध्ये अलेक्झांडर रिडेल यांचे व्याकरण आले. 1892 मध्ये ब्लँटायरच्या डेव्हिड क्लेमंट स्कॉट यांचा मांगांजा बोलीचा भलाथोरला कोश आला. तो नुसते प्रतिशब्द देत नाही, लोकांच्या चालीरीती, म्हणी, समजुतीही नोंदवतो. सरोवरातल्या लिकोमा बेटाच्या बोलीत संपूर्ण बायबल 1912 मध्ये छापले गेले. मध्य भागातल्या बोलीवर आधारलेले दुसरे भाषांतर 1922 च्या सुमारास पूर्ण झाले आणि लेखी भाषेचे वळण ठरवण्यात त्याचा मोठा वाटा राहिला. मग भाषेचे स्वतःचे लेखक पुढे आले. सॅम्युएल जोसाया न्तारा यांची 'न्थोंडो' ही कथा 1933 मध्ये प्रसिद्ध झाली आणि पुढे त्यांनी चेवा लोकांचा इतिहासही त्यांच्याच भाषेत लिहिला.

व्याकरणाची घडण

मराठीत नामाला तीन लिंगे. चिचेवात नामांचे डझनाहून अधिक वर्ग. नाम कोणत्या वर्गातले हे बहुधा त्याच्या सुरुवातीच्या अक्षरांवरून कळते आणि त्या वर्गाची खूण वाक्यातल्या बाकी शब्दांनाही लागते. 'चिपाट्सो चिमोड्झी चाग्वा' म्हणजे एक फळ पडले. फळे दोन झाली की 'झिपाट्सो झिविरी झाग्वा'. नाम, संख्या, क्रियापद सगळ्यांची सुरुवात एकदम बदलते. भाषांच्या नावातला 'चि' हाही असाच वर्गदर्शक प्रत्यय.

क्रियापदाची ताकद त्याच्या शेपटात आहे. 'फिका' म्हणजे शिजवणे, 'फिकिरा' म्हणजे कुणासाठी तरी शिजवणे, 'फिकित्सा' म्हणजे शिजवायला लावणे, 'फिकिद्वा' म्हणजे शिजवले जाणे. शिवाय स्वराची उंची बदलली की अर्थ बदलतो. 'म्तेंगो' एका सुरात झाड असते, तर दुसऱ्या सुरात किंमत. आदराची रीत मात्र आपल्या ओळखीची आहे. वडीलधाऱ्यांना आणि परक्यांना अनेकवचनी 'इनु', सलगीच्या माणसाला 'इवे'. आपले 'तुम्ही' आणि 'तू' तसेच चालतात.

या घडणीने जगभरच्या भाषाशास्त्रज्ञांना कामाला लावले. 1930 च्या दशकात शिकागो विद्यापीठात मार्क हॅना वॉटकिन्स हे कृष्णवर्णीय अमेरिकन अभ्यासक चिचेवाचे व्याकरण लिहीत होते. त्यांना माहिती पुरवणारा तरुण होता हेस्टिंग्ज कामुझू बांदा, म्हणजे मलावीचा पुढचा पहिला अध्यक्ष. ते व्याकरण 1937 मध्ये प्रसिद्ध झाले आणि या भाषेतले सूर त्यात प्रथमच नोंदले गेले. 1987 मध्ये जोन ब्रेस्नन आणि मलावीचे सॅम म्चोंबो यांनी चिचेवातल्या क्रियापदांवर लिहिलेला निबंध आजही वाक्यरचनेच्या अभ्यासात आधाराला घेतला जातो.

परक्यांनी आपलीशी केलेली भाषा

1835 मध्ये झ्वांगेंडाबाच्या नेतृत्वाखाली न्गोनी योद्धे दक्षिणेकडून झांबेझी ओलांडून आले. त्यांची भाषा झुलूच्या जवळची. त्यांच्या वंशजांनी आजच्या झांबियातल्या चिपाटाच्या परिसरात राज्य स्थापले, पण बायका केल्या इथल्याच आणि मुले आयांची भाषा बोलत मोठी झाली. दोन-तीन पिढ्यांत जिंकणाऱ्यांची भाषा मागे पडली. चेवा समाज मातृवंशीय आहे. लग्न झालेला पुरुष रीतीप्रमाणे बायकोच्या गावी राहायला जातो. भाषा टिकवण्यात या आयांचा आणि मावश्यांचा वाटा कोणत्याही राजापेक्षा मोठा आहे.

1891 च्या ब्रिटिश-पोर्तुगीज कराराने चेवांच्या मुलखातून सरहद्द ओढली. पण वसाहतकाळानेच भाषेला नव्या वाटाही दिल्या. ब्रिटिशांच्या पलटणींत आणि उत्तर ऱ्होडेशियाच्या (आजच्या झांबियाच्या) पोलीस दलात न्यांजा चालू लागली. न्यासालँडचे (आजच्या मलावीचे) मजूर दक्षिण ऱ्होडेशियाच्या (आजच्या झिंबाब्वेच्या) शेतमळ्यांवर आणि खाणींत गेले, तिथेच स्थायिक झाले. त्यामुळे झिंबाब्वेच्या 2013 च्या राज्यघटनेतल्या 16 मान्य भाषांत चेवा आहे. झांबियाची राजधानी लुसाका वाढली तशी न्यांजा त्या शहराची बाजारभाषा झाली. तिथली न्यांजा बेंबा, न्सेंगा आणि इंग्रजी शब्दांनी भरलेली आहे. झांबियाच्या 2010 च्या जनगणनेत 14.8 टक्के लोकांनी न्यांजा ही आपली मुख्य भाषा सांगितली. सात मान्य प्रादेशिक भाषांत तिचा क्रमांक बेंबानंतर लागतो.

नाव बदलले, तेव्हा

मलावी 1964 मध्ये स्वतंत्र झाला. 1968 मध्ये बांदांच्या सत्ताधारी पक्षाने चिन्यांजाचे नाव बदलून 'चिचेवा' केले आणि तिला राष्ट्रभाषा ठरवले. इंग्रजी राजभाषा राहिली. पाठोपाठ उत्तरेकडची चितुंबुका शाळांतून आणि आकाशवाणीवरून हद्दपार झाली. बांदा स्वतः मध्य भागातले चेवा. त्यामुळे दक्षिणेतल्या न्यांजा आणि मांगांजा लोकांना आपले नाव पुसल्यासारखे वाटले आणि उत्तरेकडच्यांना आपली जीभ कापल्यासारखे. बांदांची जाहीर भाषणे मात्र इंग्रजीत होत आणि शेजारी दुभाषा उभा असे.

या धोरणाने चिचेवाला पाठ्यपुस्तके, एकसारखे शुद्धलेखन, कोशमंडळ दिले, हे मान्य केले पाहिजे. पण एका भाषेच्या वाढीसाठी दुसरीचे तोंड बंद करणे हा अन्यायच होता. 1994 मध्ये बांदांची सत्ता गेली आणि चितुंबुका पुन्हा आकाशवाणीवर आली. 1998 च्या जनगणनेत मलावीतल्या सुमारे 57 टक्के लोकांची घरातली भाषा चिचेवा होती. दुसरी मातृभाषा असलेले असंख्य लोकही ती रोज वापरतात.

आजचे चित्र

झांबियातल्या काटेटे जिल्ह्यात म्काइका येथे दरवर्षी ऑगस्टमध्ये कुलांबा उत्सव भरतो. मलावी, मोझांबिक आणि झांबियाचे चेवा प्रमुख आपले राजे कालोंगा गावा उंडी यांना मानवंदना द्यायला जमतात. तिथे मुखवटेधारी 'गुले वामकुलू', म्हणजे महानृत्य, होते. युनेस्कोने 2005 मध्ये त्याचा गौरव केला, तो तिन्ही देशांच्या नावे. मलावीतल्या कासुंगूच्या एका मुलाने उभारलेल्या पवनचक्कीवरचा 2019 मधला चित्रपट दिग्दर्शक चिवेटेल एजिओफोर यांनी इंग्रजीबरोबर चिचेवातही बोलता ठेवला.

अडचणीही आहेत. मलावीच्या 2013 च्या शिक्षण कायद्याने इंग्रजी हे शिक्षणाचे माध्यम ठरवले. मोझांबिकमध्ये पोर्तुगीजचे वर्चस्व आहे. मलावीत 'च' हा उच्चार दोन रोमन अक्षरांनी लिहितात, झांबियात एकाने. त्यामुळे एका देशाचे पुस्तक दुसऱ्या देशाच्या मुलांना परके वाटते. तिन्ही देशांतल्या अभ्यासकांनी एकच लेखनपद्धती सुचवली आहे. ती प्रत्यक्ष पाठ्यपुस्तकांत यायला हवी, म्हणजे पुस्तकेही सरहद्द ओलांडतील.

चिचेवाचा इतिहास एक गोष्ट स्पष्ट सांगतो. न्गोनी योद्ध्यांना, खाणमजुरांना, लुसाकातल्या भाजीवाल्यांना ही भाषा कुणी सक्तीने शिकवली नव्हती. त्यांनी ती गरजेने आणि आपुलकीने उचलली आणि तिथेच ती सर्वांत पक्की रुजली. सक्तीच्या 26 वर्षांनी तिला नाव आणि कार्यालये दिली, पण शेजारच्या भाषांच्या मनात दुरावाही पेरला. आपल्या भाषेवर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाने, मग तो लिलाँग्वेचा असो वा लातूरचा, हा हिशेब लक्षात ठेवावा. भाषा वाढवायची असेल तर परक्याला ती बोलावीशी वाटली पाहिजे आणि शेजाऱ्याची भाषा गप्प करून ते कधीच साधत नाही.