सेवेच्या वाटा – लेखांक ६ : पंधरा दिवसांचा लळा

गेल्या आठवड्यात आपण भूकंपानंतर धावून जाणाऱ्या परदेशी पथकांविषयी वाचलं. त्या कामाला शेवट असतो. ढिगारा उपसून होतो, तंबू उभे राहतात, पथक घरी परततं. आज ज्या सेवेविषयी लिहायचं आहे तिला असा शेवट नसतो, आणि सगळी गुंतागुंत तिथूनच सुरू होते. परदेशातल्या अनाथालयांत, त्यातही दिव्यांग मुलांच्या संस्थांत, काही आठवडे राहून काम करायला जगभरातून तरुण मुलंमुली जातात. युरोप-अमेरिकेत वाढलेल्या मराठी घरांतही सुट्टीच्या बेतात कंबोडिया, नेपाळ, केनिया अशी नावं निघतात. त्या मुलांनी आणि त्यांच्या आईवडिलांनी आजचा लेख सावकाश वाचावा, अशी मनापासून इच्छा आहे.

अशा कामाहून परतलेल्यांच्या बोलण्यात एक प्रसंग हमखास येतो. संस्थेचं दार उघडलं आणि चार-पाच वर्षांचं एक मूल धावत येऊन कमरेला बिलगलं. ओळख ना पाळख, पण उचलून घेतलं तर खाली उतरायला तयार नाही. ‘पहिल्याच दिवशी लळा लागला हो,’ असं सांगताना त्यांचे डोळे भरून येतात. त्यांचं भरून येणं खरं असतं. त्या मिठीला मात्र लळा म्हणता येणार नाही. आपल्या घरातलं दोन वर्षांचं मूल परका पाहुणा आल्यावर काय करतं? आईच्या पदराआड जातं, तिथून डोकावतं, फार जवळ घेतलंत तर भोकाड पसरतं. हे आपलं माणूस आणि हे परकं, एवढं त्याला कळलेलं असतं. लळा लागला, याचीच ती खूण. कुणाही परक्याकडे झेप घेणाऱ्या मुलाच्या आयुष्यात आपलं माणूस कोण, हेच अजून ठरलेलं नसतं.

लंडनमध्ये बार्बरा टिझार्ड या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७०च्या दशकात बालसंगोपनगृहांतल्या मुलांचा अभ्यास केला, तेव्हा हे फार स्पष्टपणे पुढे आलं. तिथं खाण्यापिण्याची आबाळ नव्हती. खेळणी होती, पुस्तकं होती. पण सेविकांनी मुलांशी फार जवळीक करू नये असा रिवाज होता आणि त्या सतत बदलत असत. मूल दोन वर्षांचं होईतो सरासरी २४ जणींच्या हातांखालून गेलेलं असे; साडेचार वर्षांपर्यंत हा आकडा पन्नासच्या घरात जाई. यातली बरीच मुलं अनोळखी माणसांशी लगेच सलगी करत, पण खोलवर कुणात गुंतत नसत. पोट भरलेलं, अंगावर धड कपडे, आणि तरी आत काहीतरी रिकामं. पंधरा दिवसांसाठी येणारा प्रत्येक स्वयंसेवक या २४ आणि ५० मध्ये एकाची भर घालतो. हा हिशेब ऐकायला कठोर वाटेल, पण तो मांडल्याशिवाय पुढचं बोलता येणार नाही.

आता रुमानियाकडे वळू, कारण या सेवेचा सर्वांत मोठा आणि सर्वांत वेदनादायक धडा तिथं मिळाला.

देशाची लोकसंख्या वाढवायची या हट्टापायी निकोलाय चाउशेस्कू यांच्या राजवटीनं १९६६ साली आदेश क्रमांक ७७० काढून गर्भपातावर जवळजवळ बंदी घातली. पुढच्याच वर्षी जन्मांचा आकडा जवळपास दुप्पट झाला. खायला घालायची ऐपत नाही आणि मूल तर झालेलं, अशा घरांना सरकार सांगे की मूल आमच्या संस्थेत ठेवा, आम्ही वाढवू. डिसेंबर १९८९ मध्ये राजवट कोसळली तेव्हा एक लाखाहून जास्त मुलं अशा संस्थांत होती. त्यांतल्या बहुसंख्य मुलांचे आईवडील हयात होते. ‘अनाथ’ हा शब्द जगानं त्यांना नंतर चिकटवला.

या व्यवस्थेच्या तळाशी दिव्यांग मुलं होती. साधारण तीन वर्षांचं झालं की मुलाची तपासणी होई आणि त्याची वर्गवारी ठरे. ज्यांच्याकडून पुढे काही काम होणार नाही असं वाटे, त्यांच्या कागदावर शेरा पडे: ‘इरेकुपेराबिल’. सुधारणा न होणारा. सेरेब्रल पाल्सी, डाउन सिंड्रोम, अपस्मार यांच्या जोडीला कधी नुसता तिरळेपणाही या शेऱ्याला पुरत असे. मग ती मुलं गावाबाहेरच्या ‘कामिन-स्पिताल’मध्ये, म्हणजे वसतिगृह आणि रुग्णालय यांच्या मधल्या कुठल्यातरी अवस्थेत, टाकली जात. पश्चिमेकडच्या बिहोर परगण्यातलं चिगिद हे त्यांतलं एक. १९९०च्या वसंतात जर्मन दूरचित्रवाणीच्या वार्ताहरांनी तिथली दृश्यं दाखवली. थंडीत गारठलेली उघडीवाघडी मुलं, पिंजऱ्यासारखे पलंग आणि मागे लहान लहान थडगी. काही वर्षांतच तिथं शंभराहून जास्त मुलं दगावली होती. हा मजकूर लिहितानाही हात अडखळतो.

मग मदतीचा लोंढा सुरू झाला. ब्रिटन, आयर्लंड, जर्मनी, नेदरलँड्स, अमेरिका इथून ट्रक भरभरून माणसं आली. प्लंबर, सुतार, परिचारिका, विद्यार्थी, चर्चमधले गट. त्यांनी भिंती रंगवल्या, संडास दुरुस्त केले, गरम पाण्याची सोय केली, कपडे आणि औषधं दिली. त्या पहिल्या हिवाळ्यांत या मदतीनं मुलांचे जीव वाचले आणि त्याबद्दल त्या माणसांचे आभारच मानायला हवेत. पुढे मात्र अडत गेलं. भेट आलेली खेळणी कुठे कपाटात कुलूपबंद राहिली, कारण मोडली तर जाब द्यावा लागेल ही सेविकांना धास्ती. एकेका बाईकडे बारा-पंधरा मुलं, कुठे त्याहून जास्त, त्यात पगार तुटपुंजा. परदेशी मुलगी दिवसभर एका मुलाला मांडीवर घेऊन बसे आणि महिन्याभरात निघून जाई. मग ते मूल रात्ररात्र रडे आणि ते रडणं त्या बाईच्या वाट्याला येई. ‘मुलांना मांडीची सवय लावू नका’ असं ती म्हणाली, तर तिला निर्दय ठरवण्याची घाई करू नये. त्या निरोपाचं ओझं ती एकटी उचलत असे.

याच रुमानियाच्या राजधानीत २०००च्या सुमारास चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना या अमेरिकी संशोधकांनी एक अभ्यास सुरू केला. संस्थांमधली १३६ बाळं त्यात घेतली आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची दोन गटांत विभागणी केली. एक गट संस्थेतच राहिला, दुसरा पगारी पालक-आईच्या घरी गेला. घर मिळालेल्या मुलांची बुद्धी आणि भाषा वाढली, भावनिक घडण सुधारली. साधारण दोन वर्षांच्या आत घर मिळालं असेल तर जास्तच. हे निष्कर्ष खूप गाजले. त्यातली एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. आधी तपासली होती १८७ बाळं. ज्यांना गंभीर वैद्यकीय किंवा मेंदूचे विकार होते अशी ५१ बाळं अभ्यासातून वगळली गेली. संशोधनाच्या शिस्तीसाठी ते आवश्यक होतं, हे मान्य. पण ज्यांच्या कागदावर पूर्वी ‘सुधारणा न होणारा’ असा शेरा पडला असता, तीच मुलं इथंही बाहेर राहिली.

त्यांच्याविषयीचं उत्तर मिळालं सेंट पीटर्सबर्गच्या शिशुगृहांत. रशियन आणि अमेरिकी संशोधकांनी मिळून केलेला हा प्रयोग २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिव्यांग बाळं होतीच. एका शिशुगृहात सेविकांना प्रशिक्षण दिलं आणि कामाची घडीही बदलली. तुकड्या लहान केल्या, ठरलेल्या मुलांना ठरलेल्या बायका दिल्या, दिव्यांग आणि इतर मुलं एकत्र ठेवली, रोज काही वेळ फक्त मुलांसोबत बसायचा म्हणून राखला. दुसऱ्या गृहात नुसतं प्रशिक्षण दिलं, तिसऱ्यात काहीच बदललं नाही. पहिल्या गृहातल्या मुलांची उंची, वजन, हालचाल, बोलणं, सगळं लक्षणीय सुधारलं, आणि दिव्यांग मुलांचंही सुधारलं. नव्या बायका परदेशातून आणाव्या लागल्या नाहीत. ज्या होत्या त्यांनाच मुलांजवळ टिकून राहता येईल अशी व्यवस्था केली, एवढंच.

माझ्या मते या विषयाचा गाभा इथं आहे. परदेशी स्वयंसेवकानं मुलाला लळा लावायला जाऊ नये. मुलाला जिचा लळा लागू शकतो, त्या बाईचे हात बळकट करायला जावं.

हे नेमकं कसं करायचं, ते जेवणाच्या उदाहरणानं सांगतो. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाची मान सावरलेली नसते, जबड्यावर ताबा नसतो. संस्थेत वेळ कमी, मुलं जास्त, म्हणून त्याला पलंगावर आडवं ठेवूनच भरवतात, किंवा बाटलीच्या निपलचं भोक मोठं करून पातळ पेज तोंडात ओततात. मुलाला ठसका लागतो. अन्न श्वासनलिकेत जातं, फुप्फुसात संसर्ग होतो, न्यूमोनिया होतो. पोटात पुरेसं जात नाही म्हणून मूल खंगतं आणि ‘अशी मुलं जगतच नाहीत’ असा समज पक्का होतो. यावरचा उपाय साधा आहे. मुलाला टेकू देऊन जमेल तेवढं सरळ बसवायचं, मान किंचित पुढे झुकलेली ठेवायची, अन्न जरा दाट करायचं, छोट्या चमच्यानं भरवायचं, आधीचा घास गिळल्याची खात्री झाल्यावरच पुढचा द्यायचा. एखादी फिजिओथेरपिस्ट किंवा भरवण्या-गिळण्याचं शिक्षण घेतलेली स्पीच थेरपिस्ट दोन-तीन आठवडे संस्थेत राहिली, तिथल्या बायकांच्या बरोबरीनं बसून हे करून दाखवलं, त्यांच्या अडचणी ऐकल्या, मुलाच्या मापाची लाकडी खुर्ची गावच्या सुताराकडून करून घेतली आणि सहा महिन्यांनी परत येऊन कसं चाललंय ते पाहिलं, तर तिनं मांडीवर एकही मूल न घेता मोठं काम केलं. तिचा फोटो त्या मुलासोबत नसेलही. भरवणारा हात मात्र ओळखीचाच राहिला.

ज्याच्याकडे असं कौशल्य नाही, त्यानं काय करावं? अठरा वर्षांच्या मुलाची तळमळ खोटी नसते, म्हणून या प्रश्नाला टाळू नये. एक रस्ता दीर्घ मुदतीचा आहे. जर्मनीतून तरुण मुलं वर्षभराच्या सेवेसाठी पूर्व युरोपातल्या, आणि पूर्वी रशियातल्याही, दिव्यांगांच्या संस्थांत जात आली आहेत. आधी भाषा शिकायची, मग स्थानिक कर्मचाऱ्यांच्या हाताखाली राहायचं. वर्षभरात माणूस कपडे धुण्यापासून चाकाची खुर्ची ढकलण्यापर्यंत सगळं शिकतो. इतका वेळ नसेल तर मुलांपासून दूरची कामं भरपूर असतात: हिशेब, भाषांतर, रॅम्प बांधणं, साधनांची दुरुस्ती. ही कामं कमी मोलाची मानू नयेत. जी संस्था ओळखपत्र, चारित्र्याचा दाखला, शिफारस यांपैकी काहीही न मागता अनोळखी माणसाला थेट मुलांच्या खोलीत सोडते, तिच्या दारातूनच परत फिरावं.

पैशाचा भागही सांगायला हवा. कंबोडियात २००५ साली मुलांच्या निवासी संस्था १५४ होत्या. २०१० मध्ये २६९ झाल्या. युद्ध संपून तोवर बराच काळ लोटला होता आणि आईवडील गमावलेली मुलं काही वाढत नव्हती. वाढत होते पर्यटक आणि देणगीदार. गावातून मुलं आणायची, त्यांना अनाथ म्हणायचं आणि पाहुण्यांपुढे नाचवायचं, असे प्रकार उघडकीस आले. ऑस्ट्रेलियात २०१७ मध्ये आधुनिक गुलामगिरीची संसदीय चौकशी झाली, तीत अनाथालयांच्या नावाखाली होणाऱ्या मुलांच्या व्यापाराचाही विचार झाला. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं २०१९च्या ठरावात अनाथालयांतल्या स्वयंसेवेविषयी चिंता व्यक्त केली. मदतीला निघालेल्या माणसाचं तिकीटच मूल घराबाहेर काढण्याचं कारण व्हावं, याहून वाईट काय असेल?

दिव्यांग हक्कांच्या २००६च्या आंतरराष्ट्रीय कराराचं कलम २३ म्हणतं की आईवडिलांना दिव्यांग मूल सांभाळणं शक्य नसेल तर आधी नातलगांत, तेही नसेल तर समाजात, कुटुंबासारख्या वातावरणात त्याची सोय करावी. भारतानं २००७ मध्ये या करारावर मान्यतेची मोहोर उमटवली. रुमानियानंही खूप पल्ला गाठला. पालक-आईच्या कामाला तिथं सरकारी पगार मिळू लागला, मोठमोठ्या संस्था बंद झाल्या. २००४च्या कायद्यानं दोन वर्षांखालच्या मुलाला संस्थेत ठेवायला मनाई केली. पण त्या कलमाला अपवाद जोडला: गंभीर अपंगत्व असलेलं मूल. पुन्हा तेच मूल मागं राहिलं. ज्याला घराची गरज सर्वांत जास्त, त्याच्यासाठी दार सर्वांत शेवटी उघडतं. परदेशी मदतीचा पैसा आणि श्रम पालक-आईच्या प्रशिक्षणाला, तिच्या घरातल्या रॅम्पला, तिला आठवड्यातून एक दिवस विसावा देणाऱ्या मदतनिसाला लागले, तर हे दार थोडं लवकर उघडेल.

आणि ही मुलं मोठी होतात, तेव्हा? रुमानियात अठरा वर्षं पूर्ण झालेल्या अनेकांची रवानगी प्रौढांच्या संस्थांत झाली. ओळखीचे हात तिथंही सुटले. आपल्याकडे बालगृहातून अठराव्या वर्षी बाहेर पडण्याचा नियम दिव्यांग मुलांनाही लागू होतो. अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरचे शंकरबाबा पापळकर, ज्यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांनी तिथल्या बेवारस दिव्यांग मुलांना वडील म्हणून स्वतःचं नाव दिलं, त्यांना सांभाळलं, लग्नं लावून दिली. अशा मुलांना अठराव्या वर्षानंतरही त्याच घरात राहू द्यावं, त्यासाठी कायदा बदलावा, ही मागणी ते वर्षानुवर्षं करत आले आहेत. या मागणीमागचा कायदा आणि तिथलं रोजचं जगणं यांविषयी पुढच्या आठवड्यात.