मुंबईची पहिली सहल : तयारी गावच्या शाळेतच

नांदेड व लातूर जिल्ह्यांतील प्राथमिक शाळांच्या सहली बहुधा वेरूळ, पैठण, औंढा नागनाथ अशा जवळच्या स्थळी जातात. तथापि एकदा तरी मुंबईस न्यावे, अशी मागणी वरच्या वर्गांतून होत असते आणि तीत गैर काही नाही. निजामाच्या राजवटीतून १७ सप्टेंबर १९४८ रोजी मुक्त झालेला मराठवाडा १९५६ साली द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि तेव्हापासून मुंबई ही त्याची राजधानी आहे. ती मुलाने आपल्या डोळ्यांनी पाहावी हे योग्यच होय. परंतु ज्या मुलाने सर्वांत मोठी गर्दी म्हणून माळेगावची किंवा लातूरच्या सिद्धेश्वराची यात्रा पाहिली आहे, त्यास मुंबईची गर्दी निराळी असते हे आधी समजावून द्यावे लागते. यात्रेत चुकलेले मूल थोड्या वेळात सापडते, कारण यात्रा जागची हलत नाही. लोकल गाडी वीस-तीस सेकंदांत हलते.

हा फरक गणिताने चांगला समजतो. चाळीस मुले व चार शिक्षक दादरच्या फलाटावर उभे आहेत, अशी कल्पना करावी. एका दारातून सेकंदास एक मूल चढले तरी चाळीस सेकंद लागतील. उतरणाऱ्यांचा वेळ त्यात धरलेलाच नाही. गाडी तितकी थांबत नाही. म्हणजे निम्मी मुले आत व निम्मी बाहेर राहणार, अथवा उरलेली मुले चालत्या गाडीमागे धावणार. यात शिक्षकांचा हलगर्जीपणा असतोच असे नाही; हिशेबच तसा आहे. हे उदाहरण शिक्षकांनी फळ्यावर सोडवून घ्यावे. चार गट चार दारांपाशी उभे केले तर प्रत्येक दारास दहा सेकंद पुरतात, हे मुले स्वतःच सांगतील.

यावरून पहिला नियम असा निघतो की, लहान मुलांस घेऊन मधल्या स्थानकावर लोकलमध्ये चढू-उतरू नये. शहरात फिरण्यास बसगाडी ठरवावी. लोकलचा अनुभव द्यावयाचाच असेल, आणि तो द्यावा, तर गाडी जेथून सुटते तेथे चढावे व जेथे संपते तेथे उतरावे. यासाठी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ते ठाणे हा मार्ग फार सोयीचा आहे. ठाण्यापर्यंतच जाणारी धीमी लोकल दुपारी अकरा ते चारच्या दरम्यान घ्यावी. गाडी रिकामी उभी असते, मुले स्वस्थपणे बसतात, आणि प्रवास सुमारे एक तासाचा होतो. शिवाय हाच तो मार्ग, ज्यावर १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास ३४ किलोमीटर अंतर कापून भारतातील पहिली प्रवासी आगगाडी धावली. चौदा डब्यांत सुमारे चारशे प्रवासी होते व गाडीस तीन इंजिने जोडलेली होती. पाठ्यपुस्तकातील हा धडा त्याच रुळांवर बसून वाचता येतो. एवढी दक्षता मात्र घ्यावी, की ठाण्यास परतीचे प्रवासी उतरणाऱ्यांच्या आधीच आत घुसतात. म्हणून एका शिक्षकाने दाराशी उभे राहून वाट मोकळी करावी.

वेळेविषयी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मुंबईची नोकरीची ठिकाणे दीर्घकाळ शहराच्या दक्षिण टोकाला एकवटलेली होती. म्हणून सकाळी आठ ते अकरा गर्दी दक्षिणेकडे, म्हणजे टर्मिनस व चर्चगेटकडे जाते, आणि सायंकाळी पाच ते नऊ उलट दिशेने परतते. नांदेडहून मनमाड-नाशिकमार्गे आणि लातूरहून कुर्डुवाडी-पुणेमार्गे येणाऱ्या रात्रीच्या गाड्यांतून सकाळी उतरणारी सहल नेमकी या लोटात सापडते. अशा वेळी सामान घेऊन लोकलकडे वळू नये. दादरला घाईने उतरण्यापेक्षा शेवटच्या स्थानकापर्यंत बसून राहावे. तेथे गाडीच संपते, त्यामुळे मुले मोजून उतरविता येतात.

आता चुकामूक झालीच तर काय, हा प्रश्न. याचे उत्तर मुलांना गावीच पाठ असले पाहिजे, कारण त्या क्षणी सांगावयास कोणी जवळ नसते. उत्तर दोन वाक्यांचे आहे. गाडी निघून गेली व मूल फलाटावर राहिले, तर त्याने तेथेच थांबावे. गुरुजी पुढल्या गाडीने परत येतील. मूल एकटेच गाडीत राहिले, तर त्याने पुढच्या स्थानकावर उतरून तेथेच थांबावे. दोन्ही वेळी पोलीस अथवा रेल्वे कर्मचारी यांच्यापाशी जाऊन उभे राहावे, परंतु फलाट सोडू नये व रूळ कदापि ओलांडू नयेत. मुंबईच्या उपनगरी रेल्वेमार्गांवर अलीकडच्या वर्षांतही वर्षाला दोन हजारांहून अधिक माणसे प्राणास मुकली आहेत, आणि त्यांतील फार मोठा वाटा रूळ ओलांडणाऱ्यांचा आहे. हे मुलांपासून लपवू नये.

पाठ करून घेणे पुरेसे नाही, सराव हवा. शाळेच्या पटांगणात फक्कीने डब्याची आकृती आखावी, दोन दारे दाखवावीत, शिट्टी होताच पंचवीसपर्यंत मोठ्याने अंक मोजावेत व तेवढ्यात गटाने चढावे. एखाद्या मुलास मुद्दाम बाहेर ठेवावे आणि ते काय करते हे पाहावे. बहुतेक मुले प्रथम धावतात. धावण्याची ही ओढ तीन-चार वेळच्या सरावाने सुटते. हा खेळ मुलांना अतिशय आवडतो, आणि पुष्कळदा मोठ्या माणसांनाही त्याची गरज असल्याचे दिसून येते.

प्रत्येक मुलाच्या खिशात शाळा, गाव, तालुका आणि दोन शिक्षकांचे दूरध्वनी क्रमांक लिहिलेले कार्ड असावे. नावाची चिठ्ठी सदऱ्यावर टाचू नये; अनोळखी माणसाने नावाने हाक मारली की मूल त्यास ओळखीचा समजते. मोबाईल हरवतो, त्याची बॅटरी संपते, म्हणून एक क्रमांक तोंडपाठ करून घ्यावा. संकटात सापडलेल्या मुलांसाठी १०९८, रेल्वे प्रवाशांसाठी १३९ आणि कोणत्याही आणीबाणीसाठी ११२ हे क्रमांक आहेत. यांपैकी १०९८ ही सेवा १९९६ साली मुंबईतच सुरू झाली. चारही शिक्षकांजवळ आपापल्या गटाची तिकिटे निराळी असावीत. एकाच्याच खिशात सर्व तिकिटे ठेवली व गट दुभंगला, तर दुसरा गट विनातिकीट ठरतो. ग्रामीण शासकीय शाळांच्या अभ्याससहलीसाठी रेल्वेभाड्यात सवलत आहे. तिची चौकशी मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्याचे पत्र घेऊन आरक्षण कार्यालयात आधीच करावी.

पादचारी पुलांविषयीही सांगितले पाहिजे. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या (२०१८ पासूनचे प्रभादेवी) अरुंद पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जण मृत्युमुखी पडले. पाऊस सुरू होता, लोक पुलावरच थांबून राहिले आणि खालून नवी माणसे चढत राहिली. पूल भरलेला दिसला तर सहलीने फलाटावरच थांबावे. दहा मिनिटे उशीर झाल्याने काही बिघडत नाही. याच कारणास्तव ६ डिसेंबरच्या सुमारास दादर परिसरात शाळेची सहल नेऊ नये. त्या दिवसांत मराठवाड्यातूनही असंख्य लोक चैत्यभूमीस अभिवादनासाठी जातात. मुलांना तेथे जरूर न्यावे, परंतु एरवीच्या शांत दिवशी, म्हणजे त्यांना त्या स्थळाविषयी चार शब्द सांगताही येतात.

मुंबईत मुलांना सर्वांत मोठे आश्चर्य वाटते ते समुद्राचे, आणि सर्वांत मोठा धोकाही तेथेच आहे. नदी पाहिलेल्या मुलास पाणी एका बाजूस वाहते एवढेच ठाऊक असते. समुद्राचे पाणी दिवसातून दोनदा चढते व दोनदा उतरते, आणि मुंबईस उधाणाच्या दिवशी हा चढउतार सुमारे पाच मीटरपर्यंत जातो. कोकणातील लोक भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा साधारण तास येतो : चतुर्थीस तीन वाजता, अष्टमीस सहा वाजता, पौर्णिमेस व अमावास्येस बाराच्या सुमारास. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. सहलीची तारीख ठरली की मुलांनी कॅलेंडर पाहून हे उदाहरण सोडवावे आणि किनाऱ्यावर जाऊन उत्तर पडताळावे. वर्गातले उत्तर समुद्राने बरोबर ठरविलेले पाहण्याचा आनंद मूल विसरत नाही.

तथापि पाण्यात उतरू देऊ नये. घोट्याएवढ्या पाण्यातही नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याच्या एका महाविद्यालयाच्या सहलीतील चौदा विद्यार्थी बुडाले. ते मोठे होते, काहींना पोहताही येत असेल. विहिरीत वा गोदावरीत पोहणे आणि ओढ घेणाऱ्या समुद्रात उभे राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मरीन ड्राइव्हच्या कडेचे काँक्रीटचे ठोकळे शेवाळाने निसरडे असतात, त्यांवर कोणासही जाऊ देऊ नये. घारापुरीस नावेने जावयाचे असल्यास जीवरक्षक जाकीट अंगात घातल्याशिवाय नाव सोडू देऊ नये. १८ डिसेंबर २०२४ रोजी याच जलमार्गावर प्रवासी नाव बुडाली होती.

पाहण्याच्या स्थळांची यादी लांबविण्यात अर्थ नाही. एका दिवसात दोन स्थळे पुरेत. १९२४ साली पूर्ण झालेले गेटवे ऑफ इंडिया आणि त्याच्या जवळचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय ही एका दिवसाची सोबत झाली; हुतात्मा चौक तेथून पायी जाण्याजोगा आहे. वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र दुसऱ्या दिवसासाठी ठेवावे. राणीची बाग बुधवारी आणि घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात, हे निघण्यापूर्वीच पाहावे. दाराशी पोहोचून परतलेली मुले पुष्कळ काळ ते बोलून दाखवितात.

किरकोळ गोष्टींपैकी दोन महत्त्वाच्या आहेत. डिसेंबर-जानेवारीत नांदेड-लातूरला थंडी असते, म्हणून पालक जाड कपडे भरून देतात. मुंबईत घाम येतो व ते ओझे होते. एक स्वेटर गाडीपुरता पुरे. आणि पहिल्या दिवसाची शिदोरी घरचीच असावी. धपाटे व शेंगदाण्याची चटणी प्रवासात टिकते आणि सकाळी खाण्यासाठी हॉटेल शोधावे लागत नाही. पाण्याचा मात्र अपव्यय होऊ देऊ नये. मिरजेहून पाणी घेऊन पहिली आगगाडी १२ एप्रिल २०१६ रोजी लातूरला आली, ही गोष्ट लातूरच्या मुलांनी घरी ऐकलेली असते. मुंबईचे पाणीही सात तलावांतून, त्यांपैकी बरेचसे ठाणे जिल्ह्याच्या डोंगरांतून, दुरून आणलेले आहे, हे सांगितले की नळ उघडा टाकणारा हात थांबतो.

मुलांच्या बोलीविषयी शिक्षकांनी लाज दाखवू नये. मराठवाड्याची बोली ऐकून कोणी हसले, तर ते मुलाने मनास लावून घेऊ नये, हे आधी सांगून ठेवावे. वाट विचारण्यास ती बोली पुरेशी आहे. फक्त फलाटावरील फलक वाचण्याची सवय आधी करावी. ‘धीमी’ गाडी प्रत्येक स्थानकावर थांबते आणि ‘जलद’ काही स्थानके सोडून जाते, एवढे कळले तरी निम्मी चूक टळते.

परतीच्या प्रवासासाठी भूगोलाचा एक प्रश्न राखून ठेवावा. नांदेडची गोदावरी त्र्यंबकजवळ ब्रह्मगिरीवर उगम पावते. तेथून अरबी समुद्र सरळ रेषेत सुमारे ८० किलोमीटर असताना ती १,४६५ किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागरास का मिळते? लातूरची मांजराही गोदावरीलाच जाऊन मिळते. उत्तर कसारा घाटात आहे. समुद्राकडील कडा इतका उभा आहे, की बहुतेक गाड्यांना चढासाठी कसाऱ्यास मागून जादा इंजिने जोडावी लागतात. गाडी तेथे थांबली की मुलांना खाली उतरू न देता खिडकीतूनच ती जोडणी दाखवावी, आणि इगतपुरीस पोहोचेपर्यंत उत्तर काढण्यास वेळ द्यावा.