कठीण जागेचा भत्ता

गेल्या दिवाळीत आमचा एक जुना विद्यार्थी सहकुटुंब भेटीस आला. बालाघाटच्या सरकारी शाळेत शिकलेला हा मुलगा आज संयुक्त राष्ट्रसंघाच्या एका संस्थेत वरिष्ठ अधिकारी आहे, आणि सध्या त्याची नेमणूक दक्षिण सुदानची राजधानी जुबा येथे आहे. फराळाच्या ताटल्या पुढे आल्या तोच आमच्या सौभाग्यवतींनी, आपल्या घरांतून विचारतात तसे, थेट विचारले, "काय रे, पगार किती मिळतो तिकडे?" तो हसला. "काकू, आकडा सांगतो, पण तो कसा होतो ते ऐकण्यासारखे आहे."

त्याने जे सांगितले ते आम्हांस खरोखरच नवे होते. या नोकरांच्या मूळ पगाराचे सूत्र राष्ट्रसंघाच्या काळातले, १९२१ सालचे. नोब्लमेर नावाच्या फ्रेंच गृहस्थांच्या समितीने असे ठरविले की, ज्या देशाचे सरकार आपल्या नोकरांस सर्वांत अधिक वेतन देते, त्या देशाचा माणूसही येण्यास राजी होईल इतका पगार असावा. आज त्यासाठी अमेरिकेच्या संघ सरकारची वेतनश्रेणी प्रमाण मानतात. त्यावर ज्या शहरी राहावयाचे तेथील महागाईप्रमाणे भर पडते. आणि मग येतो कठीण जागेचा भत्ता. हवा, रोगराई, सुरक्षितता, घरे, शाळा, एकाकीपणा असे सारे तपासून प्रत्येक ठाण्याला इंग्रजी वर्णमालेतले ‘ए’ ते ‘ई’ यांपैकी एक अक्षर देतात. ‘ए’ म्हणजे सुसह्य, ‘ई’ म्हणजे सर्वांत बिकट. जिनिव्हासारखी शहरे या यादीबाहेरच. जुब्याला अर्थातच ‘ई’. बायकामुलांना नेता येत नाही तेथे आणखी एक भत्ता, आणि जिवास प्रत्यक्ष धोका असेल तेथे धोकाभत्ता निराळा.

येथवर आम्ही मान डोलावीत होतो. पुढच्या दोन गोष्टींनी मात्र आमच्या हातातला लाडू हातातच राहिला.

पहिली अशी की, २०१६ साली लागू झालेल्या रचनेत हा भत्ता हुद्द्याप्रमाणे वाढतो. डास मात्र संचालकास आणि कनिष्ठ अधिकाऱ्यास सारखेच चावत असावेत! पण परक्यांस हसण्याचे कारण नाही. आपल्या सातव्या वेतन आयोगाने जोखीम आणि कष्ट यांचा नऊ घरांचा एक तक्ता केला आणि सियाचिनला त्या सर्वांच्या वर जागा दिली. २०१७ पासून तेथील जवानाचा मासिक भत्ता १४,००० रुपयांवरून ३०,००० झाला, आणि अधिकाऱ्याचा २१,००० वरून ४२,५००. हिमनदी एक, थंडी एक, हिशेब दोन.

दुसरी गोष्ट अधिक बोचणारी. कठीण जागेचा भत्ता मिळतो तो बाहेरून आलेल्यास. कार्यालयाचा मोटारचालक जुब्याचाच रहिवासी. त्याला तो नाही. त्याचा पगार तेथील चांगल्या मालकांच्या दराने ठरतो. धोकाभत्ता त्याला मिळतो, पण तोही त्याच स्थानिक पगाराच्या मापाने.

आपल्या जुन्या पिढ्यांना हा वाद ठाऊक होता. १८७० च्या सुमारास रुपयास सुमारे दोन शिलिंग मिळत. १८९३ पर्यंत भाव पंधरा पेन्सांच्या आसपास उतरला. रुपयांत पगार घेऊन घरी विलायतेस पैसे धाडणाऱ्या गोऱ्या अधिकाऱ्यांनी ओरड केली, आणि सरकारने त्यांस हुंडणावळीच्या भरपाईचा भत्ता दिला. अर्ध्या पगारापर्यंत, फार तर हजार पौंडांवर, अठरा पेन्सांचा खास दर. १८९७ च्या एप्रिलात लंडनला वेल्बी आयोगापुढे गोपाळ कृष्ण गोखल्यांनी यावर बोट ठेवले. वय तीसच्या घरात, फर्ग्युसन महाविद्यालयातले प्राध्यापक. ज्यांना विलायतेस एक छदामही धाडावयाचा नाही त्यांनाही हा भत्ता का, आणि तो दुष्काळाने पिचलेल्या रयतेच्या करातून का, हे त्यांचे प्रश्न. पैशाहून मोठी हानी ही की, वरच्या जागा परक्यांच्या हाती राहिल्याने येथील माणसास आपल्या पूर्ण उंचीपर्यंत वाढताच येत नाही, असेही त्यांनी सांगितले. या साक्षीच्या तयारीत न्यायमूर्ती रानड्यांबरोबर गणेश व्यंकटेश जोशी यांचा मोठा हात होता. हे जोशी सोलापूरच्या हायस्कुलाचे मुख्याध्यापक, सरकारी नोकर. आमच्या पेशातल्या माणसाने साम्राज्याचा जमाखर्च तपासावा, याचा आम्हांस (लपवून काय उपयोग?) अभिमान वाटतो.

तरीही भत्ते वाढतच गेले. १९२४ साली ली आयोगाने गोऱ्या अधिकाऱ्यास व त्याच्या पत्नीस नोकरीभरात चार वेळा विलायतेस जाण्यायेण्याचे भाडे देवविले. आमचा बालाघाट तेव्हा नागपूर राजधानी असलेल्या मध्यप्रांतातला एक जिल्हा. येथे येणाऱ्या साहेबाचा त्रास खरा होता, हे नाकारता येणार नाही. बैहरच्या पठारावरचा हिवताप कातडीचा रंग पाहत नसे.

हे आम्ही अनुभवाने लिहितो. तिशीच्या आत असता आमची पहिली नेमणूक बैहर तहसिलीतल्या एका जंगली खेड्यात झाली. पावसाळ्यात रस्ता बंद, डॉक्टर कित्येक कोस दूर. शिवाय ते दिवस नक्षलवाद्यांच्या दहशतीचे. १९९९ च्या डिसेंबरात राज्याचे परिवहन मंत्री लिखीराम कावरे यांची याच जिल्ह्यात हत्या झाली. शाळेचा शिपाई (इकडे त्यास ‘भृत्य’ म्हणतात) त्याच गावचा गोंड. आम्ही तापाने फणफणलो की तो आम्हांस सायकलवर बसवून मोटारीच्या थांब्यापर्यंत पोहोचवी, आणि आम्ही बालाघाटास घरी येऊन पडत असू. तो तापला की त्याच खोपटात पडून राही. त्याचे घर तेच होते.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर आम्ही बदलीचा अर्ज लिहिला. एम. ए. ला मराठी घेतले असले तरी हिंदीतही आमची लेखणी त्या दिवशी चांगली चालली. विहिरीचे गढूळ पाणी, हिवताप, औषधांचा अभाव, ओढ्यावर पूल नसणे, मुलांच्या शिक्षणाची गैरसोय, काही म्हणून सोडले नाही. अर्ज बैहरला टपालात टाकण्यास तोच निघाला. निघताना म्हणाला, "मास्तरजी, काय लिहिलेत ते वाचून तरी दाखवा."

आम्ही वाचून दाखविले. तो लक्ष देऊन ऐकत होता. मग म्हणाला, "यातले एकही खोटे नाही. खाली एक ओळ लिहा ना, की आमच्या गावाला पूल आणि डॉक्टर द्यावा."

आम्ही ती ओळ लिहिली नाही. अर्ज बदलीचा होता. त्यात ती बसत नव्हती. पाकीट बंद करून त्याच्या हाती दिले, आणि तो सायकलीवर बसून बैहरला गेला.