पिव्हटची पाठ, विंगची झेप

हँडबॉलमध्ये गोलपुढे सहा मीटरवर एक रेषा असते. तिच्या आत गोलरक्षकाशिवाय कुणी पाऊल टेकवायचं नाही. हवेतून झेप घेता येते, फक्त खाली पडण्याआधी चेंडू हातातून सुटला पाहिजे. कोणत्या जागेवर कसली अंगकाठी चालते, हे बरंचसं या नियमावर ठरतं.

पिव्हट या रेषेलाच चिकटून असतो, बहुतेक वेळ गोलकडे पाठ करून, दोघा बचावपटूंच्या कचाट्यात. धक्के खात जागा धरायची तर अंगात वजन हवं. कोपऱ्यातल्या विंगला तीन मीटर रुंदीचा गोल फटीएवढा दिसतो. मध्याच्या दिशेने झेपावलं की फट रुंदावते, म्हणून विंग हलका, चपळ आणि बहुधा संघातला बुटका. बॅकला नऊ मीटरवरून, उंचावलेल्या हातांवरून मारायचं असतं. तिथे उंची लागते.

हा फरक आकड्यांत पकडायची आजची पद्धत हीथ आणि कार्टर यांनी १९६७ मध्ये मांडली. उंची, वजन, कोपर आणि गुडघ्याच्या हाडांची रुंदी, आवळलेल्या दंडाचा आणि पोटरीचा घेर, शिवाय चार ठिकाणी कातडीची घडी. दंडामागची कातडी चिमटीत उचलायची, कॅलिपर लावायचा, क्षणभर थांबून काटा वाचायचा. मुलं इथे हमखास खिदळतात. हाती येतात तीन आकडे: मेद, हाडं-स्नायू आणि सडपातळपणा यांचे. याआधी शेल्डनने शरीरावरून स्वभावही सांगायचा उद्योग केला होता. तो मोडीत निघाला, बरंच झालं.

पण चौदा वर्षांच्या मुलाचे हे आकडे किती दिवस टिकणार? मुलगे साधारण चौदाव्या, मुली बाराव्या वर्षी झपाट्याने वाढतात, तेही सगळे एकदम नाही. एकाच वर्गातल्या एकाला मिसरूड फुटलेली, दुसऱ्याचा आवाजही फुटलेला नसतो. पहिल्याला लगेच बॅकला उभं करतात, दुसरा जातो विंगला. तीन वर्षांनी दुसरा त्याच्याहून उंच झाला, तरी लांबून मारायचा सराव त्याला कुणी दिलेलाच नसतो. हे मला प्रशिक्षकांच्या घाईचं लक्षण वाटतं.

डावखुरेपणा तर या दहा मापांत कुठेच येत नाही, आणि उजव्या बाजूला तोच सोन्याच्या मोलाचा. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये सर्वोत्तम खेळाडू ठरलेला डेन्मार्कचा माथियास गिडसेल डावखुरा राइट बॅक आहे. बॅकच्या मानाने अंगाने किरकोळच. बचावपटूंच्या डोक्यावरून मारण्यापेक्षा दोघांमधल्या फटीतून घुसणं त्याला जास्त आवडतं.