ओसाड पायऱ्यांचे राजकारण

उत्तराखंडच्या डोंगरउतारांवर पिढ्यान्‌पिढ्यांच्या श्रमातून उभी राहिलेली पायऱ्यांची शेती आज झुडपांखाली गडप होत आहे. राज्याच्या पलायन आयोगाने २०१८ मध्ये नोंदविले की, २०११ नंतर ७३४ गावे निर्मनुष्य झाली. रोजगार, शिक्षण आणि आरोग्यसेवा यांचा अभाव हे मूळ कारण. रानडुकरे व माकडांच्या उपद्रवाने उरलेल्यांचाही धीर खचला.

पडीक जमीन पुन्हा कसायची, तर पहिली अडचण मालकीची. एकाच ‘गोल खात्या’त अनेक वारसांची नावे, शेते विखुरलेली आणि वारस दिल्ली-डेहराडूनमध्ये. डोंगरी भागासाठी चकबंदीचा, म्हणजे जमीन एकत्रीकरणाचा कायदा २०१६ मध्ये झाला. २०२० मध्ये शेतजमीन तीस वर्षांपर्यंत भाडेपट्ट्याने देण्याची मुभा मिळाली. पण हिस्साच निश्चित नसेल, तर पट्टा लिहून देणार कोण?

वनीकरणाचा पर्याय वरकरणी सोपा. मात्र सोडलेल्या पायऱ्यांवर चीड जातीचा पाईन आपोआप पसरतो आणि त्याच्या वाळलेल्या सुया उन्हाळ्यात वणव्यांना इंधन पुरवतात. ओल धरून ठेवणारा बांज किंवा उत्पन्न देणारा अक्रोड लावायचा, तर राखणीला माणसे हवीत.

प्रश्न निव्वळ शेतीचा नाही. गेल्या मतदारसंघ पुनर्रचनेत विधानसभेतील डोंगरी जागा ४० वरून ३४ वर आल्या. पुढील पुनर्रचनाही लोकसंख्येवरच बेतली, तर त्या आणखी घटतील. पहाडाच्या अस्मितेतून २००० मध्ये जन्मलेल्या राज्यात पहाडाचाच आवाज क्षीण होईल. चकबंदी रेंगाळत ठेवण्याची ही राजकीय किंमत आहे.